नव्या घराची वीजबचत : सोनईच्या उन्हातला हिशेब

मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी सोनईत उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. नेवासे तालुक्यातले हे गाव साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या सुमाराला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे राहतो आणि मग परत फिरताना पुन्हा डोक्यावरून जातो. पण त्या दुसऱ्या वेळी बहुधा आभाळ भरलेले असते. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे ऊन जवळजवळ पडतच नाही. ते सगळे छतावर कोसळते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींना भाजून काढते. सोनईत घर बांधताना पैसे कुठे घालावेत, याचे निम्मे उत्तर सूर्याच्या या वाटेत आहे.

सोनईत बांधकामे सतत चालू असतात. मुळा सहकारी साखर कारखाना, मुळा एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-महाविद्यालये, मुळा धरणाच्या कालव्यावरचा ऊस, शेजारच्या घोडेगावचा बाजार आणि पाच-सहा किलोमीटरवरचे शनिशिंगणापूर यांच्यामुळे गावात पैसा खेळतो आणि त्याचा मोठा वाटा सिमेंट, खडी आणि सळईत जातो. नवे घर म्हणजे स्लॅबचे घर, हे आता गृहीतच आहे. अशा घरात उष्णता रोखणारी आणि वीज वाचवणारी कामे आधीच केली, तर खर्च वाढतो किती आणि परत मिळतो किती? प्रश्न साधा वाटतो. पण जगभरचे अभियंते आणि अर्थशास्त्रज्ञ जवळपास पन्नास वर्षे यावर वाद घालत आहेत. सोनईसारख्या गावात तर मला वाटते, फक्त विजेच्या मीटरवर मोजले तर उत्तर हमखास चुकते.

आधी इथले जुने घर पाहायला हवे. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. या तालुक्यात माती आणि लाकूड घेऊन उन्हाशी सामना करण्याचा इतिहास तीन हजार वर्षांहून जुना आहे. नगर शहरात निजामशाहीने पाण्याच्या मधोमध अष्टकोनी फराहबाग महाल उभा केला, तो १५८३ मध्ये पुरा झाला. कोरड्या हवेत पाण्यावरून येणारा वारा थंड लागतो, हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. सामान्य शेतकऱ्याकडे तलाव नव्हता. त्याच्याकडे माळवद होते. जाड दगडी भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर लाकडी फळ्या-काटक्या आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फुटाचा थर. इतक्या जाडीतून दुपारची उष्णता खाली झिरपेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. नगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत उन्हाळ्यातही दिवस आणि रात्र यांच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास फरक पडतो. माळवद या फरकावरच जगत असे.

तरीही माळवदाची आठवण काढून हळहळणे पुरेसे नाही. दर पावसाळ्याआधी वर नवी माती चढवावी लागे, गळती आणि उंदीर-विंचू यांचा जाच असे. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड छत अंगावर कोसळल्यामुळे. त्यानंतर मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत लोकांनी स्लॅब स्वीकारला, तो हौसेखातर नाही. घर जीव घेणार नाही, ही घराकडून पहिली अपेक्षा असते. स्लॅबने ती पुरी केली. मात्र पाच-सहा इंचांचा काँक्रीटचा थर आला आणि उष्णता अडवणारा मातीचा थर गेला, त्याची भरपाई कुणी केली नाही. आजचा सगळा हिशेब या न केलेल्या भरपाईचा आहे.

उष्णता किती येते ते मोजता येते. एखाद्या भिंतीतून किंवा छतातून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला किती वॅट उष्णता पार जाते, त्या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. आकडा जितका लहान तितके चांगले. नुसत्या आरसीसी स्लॅबचे यू-मूल्य साधारण ३ भरते. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला तर अडीचच्या आसपास. नऊ इंची विटांच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंतीचे साधारण २. आठ इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेची सूक्ष्म छिद्रे असलेल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीचे सुमारे ०.८.

हे आकडे कागदावर कोरडे दिसतात, म्हणून सोनईतल्या एक हजार चौरस फुटांच्या एकमजली घरावर लावून पाहू. छत सुमारे ९३ चौरस मीटर. मेच्या दुपारी गडद, राखाडी गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो, खोली ३२ अंशांवर ठेवायची म्हटली तर फरक २८ अंशांचा. गुणाकार केला की छतातून आत येणारी उष्णता आठ किलोवॅटच्या आसपास निघते. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे फक्त छताशी बरोबरी करायला दीड एसी लागला, भिंती-खिडक्यांचा हिशेब अजून बाकीच आहे. प्रत्यक्षात काँक्रीट तापायला वेळ घेते, त्यामुळे हा मारा दुपारी एकदम येत नाही, पसरून येतो. पण तो टळत नाही, उशिरा येतो. संध्याकाळी सहानंतर, घरची माणसे परतून जेवायला बसतात त्या सुमाराला, स्लॅब खालच्या बाजूने तापू लागतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत खोलीवर उष्णता सोडत राहतो. म्हणून उन्हाळ्यात सोनईतली माणसे गच्चीवर झोपतात.

आता त्याच स्लॅबवर एक इंच जाडीचे एक्सपीएस इन्सुलेशन, म्हणजे कडक फेसाच्या शीट, आणि वर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचा चायना मोझॅक घातला, तर यू-मूल्य १ च्या आतबाहेर येते. आठ किलोवॅटचे तीनच्या खाली उतरतात. पांढरा रंग ऊन परत फेकतो, त्यामुळे पृष्ठभाग मुळातच कमी तापतो आणि प्रत्यक्षातला आकडा त्याहूनही खाली जातो. घराच्या सगळ्या खर्चात एका इंचाने एवढे काम करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. तिच्यात छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा आहे. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत राखायची, असेही ती सांगते. उष्ण-कोरड्या हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १० टक्के हवे. सोनई ज्या पट्ट्यात येते तिथे हेच प्रमाण धरायला हरकत नाही. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे, त्यामुळे सोनईतले साधे घर तिच्या कक्षेत येत नाही. तरीही फूटपट्टी म्हणून ती फुकट उपलब्ध आहे आणि गावातल्या अभियंत्याने ती जरूर वापरावी.

त्या संहितेच्या सूत्रातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. उष्ण-कोरड्या हवामानासाठी भिंतीच्या यू-मूल्याला ६.०६ ने गुणायचे असते, तर काचेतून शिरणाऱ्या उन्हाच्या प्रमाणाला ६८.९९ ने. विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर साधारण १२ इतका भार टाकतो. सावली नसलेल्या साध्या काचेचा एक चौरस मीटर त्याच्या पाचपटीहून जास्त. शहरातल्या घरांची नक्कल करून दर्शनी भागात पश्चिमेला मोठी काच लावायची, मग तिच्यावर जाड पडदा आणि आत एसी, हा खर्च तीन वेळा होतो. त्यापेक्षा पश्चिमेला जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली ठेवावी, निजायच्या खोल्या उत्तर-पूर्वेला घ्याव्यात आणि खिडक्यांवर दोन फुटी छज्जा टाकावा. नकाशावर खोल्यांची अदलाबदल करायला एक पैसा लागत नाही. या निर्णयाला मी सर्व हिशेबांत पहिले स्थान देतो, कारण त्याचा खर्च शून्य आहे आणि घर उभे असेपर्यंत तो बदलता येत नाही.

इथपर्यंत भौतिकशास्त्र आहे आणि ते वादातीत आहे. वाद सुरू होतो तो बचत रुपयांत मोजायला घेतल्यावर. बचत म्हणजे जे घडले नाही ते. जे युनिट जळलेच नाही ते कोणत्याही मीटरवर दिसत नाही. म्हणून दरवेळी विचारावे लागते, कशाच्या तुलनेत? शेजारच्या जुन्या घराच्या, की याच नकाशावर नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या काल्पनिक घराच्या?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीचा अभ्यास केला. सारख्या नकाशाची, सारख्या मालाने बांधलेली, ओळीने उभी असलेली घरे. तरीही एका घराचे इंधन दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त जळत होते. फरक राहणाऱ्यांच्या सवयींचा होता. फ्लोरिडात २००२ मध्ये बांधकामाचे ऊर्जाविषयक नियम कडक झाले, तेव्हा गेन्सव्हिल शहरात बदलाच्या आधी आणि लगेच नंतर बांधलेल्या घरांची बिले जेकबसन आणि कॉचेन या अर्थशास्त्रज्ञांनी तपासली. विजेत ४ टक्के, गॅसमध्ये ६ टक्के बचत निघाली. पुढे कॉचेन यांनी आणखी वर्षांची बिले पाहिली तेव्हा गॅसची बचत टिकली होती, विजेची विरली होती. कॅलिफोर्नियात १९७८ पासून घरांसाठी ऊर्जा नियम आहेत. आरिक लेव्हिन्सन यांनी २०१६ मध्ये दाखवले, की घराचा आकार, माणसे आणि हवामान यांचा हिशेब धरला तर नियमांनंतरच्या घरांत आधीच्या घरांपेक्षा कमी वीज वापरली जाते असा पुरावा मिळत नाही. मिशिगनमध्ये जुन्या घरांना इन्सुलेशन करून देण्याच्या सरकारी योजनेची तपासणी झाली, तिथे प्रत्यक्ष बचत आधी वर्तवलेल्या बचतीच्या निम्मीही भरली नाही.

दुसऱ्या बाजूला जर्मनीतल्या डार्मस्टाट येथे १९९१ मध्ये वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने बांधलेली पॅसिव्ह हाऊसची चार घरांची ओळ आहे. घर तापवायला लागणारे इंधन तिथे नेहमीच्या घरांच्या सुमारे दहाव्या हिश्शावर आले आणि ते वर्षानुवर्षे मोजून सिद्ध झाले. म्हणजे बचत होत नाही असे नाही. काळजीपूर्वक बांधले आणि काळजीपूर्वक मोजले तर होते. संगणकावर काढलेला आकडा तसाच पदरात पडेल, या भरवशावर मात्र कर्ज काढू नये.

हे लक्षात ठेवून सोनईचा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, आणि दर ज्याने त्याने आपल्या ठेकेदाराकडून घेऊन बदलावेत. वरच्याच हजार फुटी घरात छतावर एक इंच इन्सुलेशनचा जादा खर्च ४०,००० रुपये धरू. छज्जे आणि खिडक्यांच्या डासजाळ्या मिळून १०,०००. साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. असे पाच पंखे घेतले तर जादा ६,५००. एकूण ५६,५०० रुपये. घरकर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांचे असेल तर दर लाखाला महिना सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो, म्हणजे या जादा कामाचा हप्ता महिन्याला ५१० रुपये, वर्षाला ६,१०० च्या आसपास. कसोटी सोपी आहे. हप्ता जितका वाढला, त्याहून बिल जास्त घटले का?

महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त आहेत आणि १०० च्या पुढचा दर जवळपास दुप्पट होतो. हिशेबाला खाली ६ रुपये, वर ११ रुपये धरू. पाच पंखे रोज सरासरी आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस चालले तर बीएलडीसीमुळे ५४० युनिट वाचतात.

पहिले घर नोकरदार कुटुंबाचे आहे. निजायच्या खोलीत दीड टनाचा एसी, उन्हाळ्याच्या शंभर रात्री आठ-आठ तास, ताशी सरासरी १.२ युनिट. वर्षाचे ९६० युनिट. छत आणि छज्ज्यांमुळे त्यातले ३० टक्के वाचले असे धरले तर सुमारे २९०. पंख्यांसह ८३० युनिट, तेही वरच्या दराचे. वर्षाला ९,१०० रुपये वाचले, हप्ता ६,१०० होता. घर पहिल्या वर्षापासून फायद्यात.

दुसरे घर त्याच आळीत, त्याच नकाशाचे, त्याच खर्चाचे. पण या घरात एसी नाही आणि वापर महिन्याला १०० युनिटांच्या आत आहे. पंख्यांचे ५४० युनिट खालच्या दराने वाचले, ३,२४० रुपये. छताच्या ४०,००० रुपयांनी एकही युनिट वाचवले नाही, कारण वाचवायला एसीच नव्हता. मीटरचा निकाल आला, तोट्यात.

हा निकाल चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या घरातल्या आजीची, तापलेल्या लेकराची, दुसऱ्या दिवशी पहाटे उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाची झोप त्यात कुठेच धरलेली नाही. त्या घराने बचत विजेत घेतली नाही, गारव्यात घेतली. अर्थशास्त्रज्ञ अशा वेळी ‘अपेक्षित बचत झाली नाही’ अशी नोंद करतात. श्रीमंत देशांत हिवाळ्याची गॅसची बिले मोजताना ती पद्धत चालून गेली असेल. ज्या गावात बहुतेक घरे पंख्यावर उन्हाळा काढतात, तिथे मीटरच्या शेजारी तापमापक टांगल्याशिवाय घराचे मोल कळणार नाही.

तापमापकाने मोजायचे कसे, याचीही रीत आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या पाच शहरांतल्या कार्यालयांत हजारो माणसांना विचारून २०१४ मध्ये भारतीयांसाठी सुखद तापमानाचे सूत्र बसवले. एसी नसलेल्या, खिडक्या उघड्या ठेवता येणाऱ्या इमारतीत, बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणून १२.८३ मिळवायचे. मेमध्ये बाहेरची सरासरी ३२ अंश असेल तर उत्तर ३० येते, आणि त्याच्या वर दोन-सव्वादोन अंशांपर्यंत बहुतेकांना चालते. परदेशी पुस्तकांतल्या २४ अंशांपेक्षा हे किती वेगळे आहे! आपल्या अंगाला ३२ अंश सोसतात, ३६ सोसत नाहीत. मग ३२ च्या वर खोली किती अंश आणि किती तास राहिली, त्यांचा गुणाकार करत जायचा. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा खोली ३६ वर राहिली तर एका रात्रीचे २० अंश-तास झाले. इन्सुलेशनने खोली ३३ वर आणली तर पाच. हजार रुपयांमागे किती अंश-तास कमी झाले, हा सोनईला शोभणारा किफायतीचा आकडा आहे. दुसऱ्या घराला जादा छत आणि छज्ज्यांचा हप्ता महिना ४५० रुपये पडतो, दिवसाला १५. तेवढ्यात सगळ्या कुटुंबाला रात्रीची झोप मिळत असेल तर मी त्याला तोटा म्हणणार नाही.

असा विचार आपल्याकडे प्रत्यक्षात झाला आहे. राजकोटला पंतप्रधान आवास योजनेखाली ‘स्मार्ट घर ३’ हा ११७६ सदनिकांचा प्रकल्प झाला, त्याला भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून तांत्रिक मदत मिळाली. एसी घेणे न परवडणाऱ्यांची ती घरे. तिथे उद्दिष्ट युनिटांचे ठेवले नव्हते. उन्हाळ्याच्या दुपारी खोलीचे तापमान पाचेक अंशांनी उतरवायचे, हे उद्दिष्ट होते. भिंती, छत, खिडक्यांची पाने आणि वारा खेळण्याची वाट, सगळे त्यासाठी बदलले. राजकोटचा उन्हाळा सोनईहून सौम्य नाही.

वाऱ्याबद्दल थोडे. रात्री बाहेरची हवा पंचविशीच्या आसपास उतरते तेव्हा ती घरात घेतली की भिंती निवतात. शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारे नसतात. बाकी सगळीकडे चोरीच्या आणि डासांच्या भीतीने रात्री खिडक्या बंद होतात आणि निसर्गाचा फुकटचा गारवा उंबऱ्यापाशीच थांबतो. म्हणून डासजाळी मी वीजबचतीच्या यादीत धरली.

कूलरही विसरता येणार नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोनशे वॅटचा कूलर एसीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या विजेत खोली सुसह्य करतो. पण तो दिवसाला कित्येक डझन लिटर पाणी पितो, आणि तेही नेमके टँकरच्या दिवसांत. शिवाय बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने त्याच्या जाळ्या लवकर दगड होतात. विजेच्या हिशेबात कूलर जिंकतो, पाण्याच्या हिशेबात इन्सुलेशन. दोन्ही असतील तर कूलर कमी तास चालतो.

‘गच्चीवर सोलर बसवले की झाले, इन्सुलेशन कशाला?’ असे आता सर्रास विचारले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि तेवढे पॅनल दिवसाला साधारण १२ युनिट देतात. बिलासाठी हा उत्तम सौदा आहे आणि पॅनलची सावलीही छताला मिळते. पण साध्या सोलर जोडणीत गावची वीज गेली की सुरक्षेसाठी पॅनलचा पुरवठाही बंद होतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वळवाच्या वाऱ्याने तार तुटली, तर त्या रात्री बिल शून्य आणि खोली मात्र भट्टी. इन्सुलेशनला वीज लागत नाही. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर आधी छत करावे. सोलर पुढे केव्हाही चढवता येते, पण गच्चीचे वॉटरप्रूफिंग एकदा झाले की ते फोडून खाली इन्सुलेशन घालणे दुप्पट महाग पडते.

पाणी तापवण्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो. शंभर लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त ऊर्जा लागते, म्हणून शहरात गीझरच्या जागी सौर बंब लावला तर वर्षाला हजाराहून जास्त युनिट वाचतात. सोनईच्या वस्त्यांवर पाणी अजून पुष्कळ ठिकाणी चुलीवर किंवा बंबात, लाकूड-धसकटांवर तापते. तिथे सौर बंबाने वाचतो तो धूर आणि बाईची पहाट. पुन्हा मीटरवर काहीच दिसणार नाही.

सर्वांत कठीण हिशेब घरकुलाचा. ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. एवढ्यात इन्सुलेशनच्या शीटचा विषयही निघत नाही, बऱ्याच वेळा छतावर पत्राच येतो. पत्र्याखालची खोली ही या भागातली सर्वांत तापणारी खोली. लोक त्यावर उसाचे पाचट पसरतात, ते बरोबरच आहे, फक्त आगीची भीती असते. अशा घराला पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग हा सर्वांत किफायतशीर उपाय आहे. चुन्याचा खर्च काही शे रुपये, दर मार्चमध्ये पुन्हा करावा लागतो. रंग महाग पडतो पण काही वर्षे टिकतो. रुपयामागे मिळणाऱ्या अंश-तासांत चुन्याला हरवणारे काही नाही. ग्रामपंचायतीने घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर चुन्याची एक गोणी दिली तरी पुष्कळ होईल.

आणि एएसी ब्लॉक की वीट? हलक्या ब्लॉकने भिंतीतली उष्णता निम्म्याहून कमी होते, पायावरचा भारही घटतो. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, तिथे हे मोलाचे आहे. खर्चात फार फरक पडत नाही, पण ब्लॉक लांबून येतात आणि त्यांची जोडणी जाणणारा गवंडी लागतो. तो मिळत नसेल तर चांगली भाजलेली वीट आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली, एवढ्यावर भागवावे. एकमजली घरात छताचा वाटा भिंतींहून मोठा असतो, पैसे आधी तिकडे जावेत.

या सगळ्यात एकच उणीव आहे, आणि ती सोनईतच भरून निघू शकते. माझे वरचे आकडे सूत्रांतून आलेले आहेत, गावातल्या खोल्यांतून नाहीत. मुळा एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांत विज्ञानाचे विद्यार्थी आहेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामानाच्या रोजच्या नोंदी होतात आणि तिथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. महावितरणच्या प्रत्येक बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एका उन्हाळ्यात गावातली वीस घरे निवडावीत, काही पत्र्याची, काही नुसत्या स्लॅबची, काही पांढऱ्या छताची, दोन-तीन इन्सुलेशनची, आणि उरलीसुरली माळवदे. प्रत्येक घराच्या निजायच्या खोलीत साधा तापमापक लावून पहाटे सहा, दुपारी तीन आणि रात्री नऊला नोंद करावी, शेजारी युनिट आणि घरातली माणसे लिहावीत. ती वही पूर्ण झाली की ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षी सेंट्रिंग लावायला निघालेल्या प्रत्येक माणसाने स्लॅब ओतण्याआधी ती वाचावी, अशी माझी या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना मनापासून विनंती आहे.